दोन डाव्या बाह्या

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०

आजपासून रोज पहाटे पाचला उठायचं. आजचा दिवस तयारीचा, म्हणून मोजायचा नाही.

नवी वही, नवं पेन. ज्याचे फ्री वेबिनार मी ऐकतो तो ऑनलाइन कोच सांगतो की ध्येय कागदावर उतरवलं की निम्मं काम झालं. तर उतरवतो. एप्रिलअखेर एक लाख फॉलोअर्स. मग काकांच्या टेलरिंगच्या दुकानाला कायमचा रामराम.

सध्या फॉलोअर्स चारशे बारा. म्हणजे फक्त नव्व्याण्णव हजार पाचशे अठ्ठ्याऐंशी बाकी.

चॅनेलचं नाव ‘दोन मिनिटांत टेलर’. मी अकरा वर्षं टेलरिंगमध्ये आहे. काउंटरवर. गिऱ्हाइकाची पावती लिहायची, कापडाला चिठ्ठी टाचायची, तयार कपडा घडी घालून पिशवीत भरायचा. कात्री हातात घ्यायची वेळ आली नाही, पण बघून बघून सगळं येतं. मागच्या महिन्यात बेचाळीस पूर्ण झाली. हेच योग्य वय. अनुभव आणि उत्साह एकत्र भेटतात ते इथंच.

नऊला दुकान. आवरायला हवं.

४ मार्च, मंगळवार

५.०० चा गजर बंद कुणी केला कळलं नाही. खोलीत मी एकटाच असतो.

आज व्हिडिओ केला : कॉलर कशी लावावी. माझी पद्धत अशी. सुरुवात मी दाखवतो. मग काका चहाला उठायच्या आत त्यांनी लावलेली कॉलर उचलून शेवट दाखवतो. मधला भाग एडिटिंगमध्ये जातो. मधला भाग कुणी बघत नाही असं कोचचं मत आहे.

व्ह्यूज त्रेसष्ट. अल्गोरिदम माझ्यावर डूख धरून आहे.

दुकानात काज-बटणाला एक बाई आहे. दीड वर्षापूर्वी आली. तिशीतली असेल. दिवसभर मान खाली घालून काजं करते. मी तिला मनातल्या मनात काजवाली म्हणतो. आज म्हणाली, दादा, मोकळे असाल तर इस्त्री तेवढी फिरवता का? मी मोकळा नव्हतो. मी थंबनेल शोधत होतो.

७ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

महत्त्वाचा दिवस. सविस्तर लिहितो.

दुकान बंद केल्यावर काकांनी आम्हा दोघांना थांबवलं. स्वतःचा उजवा हात पुढे केला. अंगठा थरथरत होता. म्हणाले, बघा, खडूची रेघ आता सरळ येत नाही, एक मेपासून मी कापायचं बंद करणार. कटिंगचं टेबल कुणाकडे तरी द्यायला हवं.

त्यावर आमच्या दुकानाचा जुना नियम. टेबल ज्याला हवं त्यानं आधी स्वतःचा कोट शिवायचा. मापापासून शेवटच्या बटणापर्यंत. तो घालून मास्तरसमोर उभं राहायचं. काका त्यांच्या मास्तरसमोर असेच उभे राहिले होते. मुदत तीस एप्रिल. दोघांनीही शिवा म्हणाले.

दोघांनीही! काजवालीकडे बघून मला वाईट वाटलं. बिचारीला उगाच आशा.

पुढे काका म्हणाले की ज्याच्याकडे टेबल त्याच्याकडेच सगळं, काउंटरला वेगळा माणूस मग लागणार नाही. हे ते तिला उद्देशून म्हणाले असावेत. पण बघत माझ्याकडे होते.

तिनं एवढंच विचारलं की कापड कुठलं घेऊ. प्लॅनिंग शून्य. मी लगेच फोनमध्ये नाव टाकून ठेवलं : ‘कोट सिरीज, सीझन १’.

खरं तर टेबलाचं मला काय. पण सकाळी नऊला ‘आलास का’ म्हणणारं जगात एकच ठिकाण आहे. ते हातचं जाऊन चालणार नाही.

९ मार्च, रविवार

ताईचा फोन. ती दुसऱ्या गावी नर्स आहे, आठवड्यातून एकदा रविवारी बोलते. आधी जेवलास का, मग औषध आणलंस का, मग खिडकीची कडी बसवून घेतलीस का. मी कोटाचं सांगितलं. खूश झाली. म्हणाली, वा! मग आता रोज संध्याकाळी काकांच्या शेजारी जाऊन बस, हात बघ त्यांचे. मी तिला समजावलं की शेजारी बसून शिकणं हा जुना काळ झाला. ती म्हणाली, बरं बाबा, तुझं तू जाण. पाचला लाइव्ह असल्यामुळे फोन ठेवावा लागला.

लाइव्हला तिघं होते. त्यातला एक मीच, दुकानाच्या फोनवरून. दुसरा चार मिनिटांत गेला. तिसरा मात्र शेवटपर्यंत होता. पूर्ण चाळीस मिनिटं! मी त्याला ‘मित्रांनो’ म्हणत राहिलो. शेवटी काहीतरी लिहा म्हटलं, नुसता अंगठा तरी दाखवा. काही आलं नाही. फोन चालू ठेवून झोपला असेल.

तरी चाळीस मिनिटं कुणीतरी होतं.

१२ मार्च, बुधवार

कोटाची मापं घेतली. स्वतःची, स्वतः, खोलीत.

छाती सोपी. पोट घेताना आत ओढलं, कारण तीस एप्रिलपर्यंत ते तसंही आत जाणार आहे. व्यायाम सुरू करायचाच आहे. बाहीसाठी टेपचं एक टोक दाराच्या कडीला अडकवलं आणि दाराला खेटून उभा राहिलो. गाडं अडलं ते पाठीपाशी. पाठीच्या मापाला दुसरा माणूस लागतो. टेपचं टोक धरायला. दोन सेकंदांचं काम, पण माणूस लागतो. शेजारच्या दारापर्यंत गेलो. आत टीव्ही चालू होता. काय सांगणार? जरा माझी पाठ मोजता का? परत आलो.

फोन टायमरवर लावून पाठमोरे फोटो काढले. खांदा पहिल्यांदा सतरा इंच, मग एकोणीस, मग साडेसोळा. सरासरी काढली. शास्त्रीय पद्धत आहे.

काजवालीनं दुकानात शेजारणीला आणलं होतं. शेजारीण टेप धरत होती, काका लांबून सांगत होते, अजून जरा वर, हां, आता सोड. तिघंही हसत होते. मग काकांनी मला विचारलं, तुझं माप घेऊ का रे? मी म्हणालो, झालं माझं कधीच.

का म्हणालो कळत नाही. तोंडातून गेलं.

१८ मार्च, मंगळवार

कोचचा नवा मंत्र : आधी विका, मग शिका. ऐकल्यावर अंगावर काटा आला. इतकी वर्षं मी उलट दिशेनं चाललो होतो. म्हणजे शिकायच्या बाजूनं. म्हणजे त्या बाजूला तोंड करून उभा होतो.

कोर्स जाहीर केला. ‘सात दिवसांत कोट’. पोस्टरवर मी, गळ्यात टेप, हाताची घडी. मागे काकांनी शिवलेला कोट. एकानं विचारलं की मागचा कोट तुम्ही शिवलाय का. मी लिहिलं, आमच्या टीमनं. टीम म्हणून काकांना धरलं तर खोटं नाही.

माझा कोट : कापड अजून घेतलेलं नाही. घाई करायची नाही. सहा आठवडे आहेत आणि कोर्सच्या हिशेबानं कोटाला सात दिवस पुरतात.

काजवाली खडूनं पेपरावर पॅटर्न काढत बसली होती. तिसऱ्यांदा. पहिले दोन काकांनी फाडायला लावले. मला हसू आलं.

२४ मार्च, सोमवार

आज फोन स्टँडवर लावून बटण कसं लावावं याचा व्हिडिओ करणार होतो. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, मी काउंटरवर गेलो आणि फोन चालूच राहिला. परत येऊन बघतो तर चार मिनिटं नुसते काजवालीचे हात. काज करतायत. ना चेहरा, ना बोलणं, ना म्युझिक. मागे काका खोकतायत.

डिलीट करणार होतो. पण आज टाकायला दुसरं काही नव्हतं. टाकून दिला.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी

ऐंशी हजार.

२५ मार्च. संध्याकाळी

एक लाख दहा हजार! फॉलोअर्स नऊ हजार! ताईला फोन केला, ड्यूटीवर होती. चष्मेवाल्याला सांगितलं, शेजारच्या दुकानातल्या. त्यानं अभिनंदन केलं आणि विचारलं, म्हणजे नक्की काय झालं?

यशाचं श्रेय कॅमेरा अँगलला. तो मी लावला होता.

शेकडो कमेंट. हे हात कुणाचे? किती वर्षं करतायत? बघून मन शांत झालं. मी सगळ्यांना उत्तर दिलं : चॅनेलला सबस्क्राइब करा.

काजवालीला दाखवलं. तिनं शेवटपर्यंत बघितलं आणि म्हणाली, दादा, पुढच्या वेळी विचारत जा आधी. आणि तिसरं काज वाकडं आलंय, ते मी नंतर उसवलं होतं, ते कशाला दाखवलंत? लाखभर लोकांत एकालाही ते दिसलं नव्हतं. मलाही नाही.

२८ मार्च, शुक्रवार

जे चाललं तेच पुन्हा करा, असं कोच म्हणतो. म्हणून तोच व्हिडिओ पुन्हा. या वेळी मी पुढे उभा राहून समजावून सांगतोय, मागे तिचे हात. तिला विचारलं होतं. ती म्हणाली, काम थांबवणार नाही, मग काढा.

व्ह्यूज एकशे बारा. पहिली कमेंट : दादा, जरा बाजूला व्हा.

मत्सर. दुसरं काही नाही.

२ एप्रिल, बुधवार

काकांनी कपाट उघडून एक गुंडाळी काढली. राखाडी लोकरी कापड. चांगल्यातलं. म्हणाले, हे तुझ्यासाठी ठेवलं होतं बरीच वर्षं, तू कधीतरी मागशील म्हणून. एका कोटापुरतंच आहे, जपून काप. दुहेरी घडी घालून काप, म्हणजे डावं-उजवं जोडीनं निघतं. काही अडलं तर मी इथंच आहे.

मी थँक यू म्हणालो. नंतर वाटलं की काकांना कुणी थँक यू म्हणतं का. पण बोलून झालं होतं.

अनबॉक्सिंग व्हिडिओ केला. व्ह्यूज नव्वद.

१० एप्रिल, गुरुवार

आज ऐतिहासिक. कोटाचं कटिंग लाइव्ह! दोनशे चौदा लोक! दुपारी काका जेवायला गेल्यावर टेबल घेतलं.

घडी घालून कापलं तर कॅमेऱ्यात नुसता कापडाचा ठोकळा दिसतो. म्हणून कापड उलगडून एकेरी पसरलं. फार शोभून दिसलं. फोन समोर, सेल्फी कॅमेरा, म्हणजे चेहरा, कात्री आणि कापड एकदम दिसावं. मी कापडाकडे न बघता स्क्रीनकडे बघून कापलं. त्यामुळे आत्मविश्वास दिसतो.

पुढचे भाग, पाठ, मग एक बाही. दुसऱ्या बाहीला पॅटर्न उलटा करून ठेवायचा असतो हे मला माहीत आहे. अकरा वर्षं बघतोय. स्क्रीनवर बघितलं, तो उलटाच दिसत होता. म्हणून कापून टाकलं.

टाळ्यांचा पाऊस पडला. म्हणजे टाळ्यांच्या चिन्हांचा. एकानं लिहिलं : मास्टर आर्टिस्ट. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला.

काजवाली कोपऱ्यात स्वतःच्या कोटाला कच्चे टाके घालत होती. मान वर करून एकदा बघितलं, काहीतरी बोलणार होती. मी तोंडावर बोट ठेवलं. लाइव्ह चालू होतं.

१९ एप्रिल, शनिवार

कच्च्या टाक्यांचा वेळ वाचवून टाचण्या लावल्या आणि सगळं थेट मशीनवर घेतलं. अंगाचा भाग उत्तम. जरा घट्ट. व्यायाम सुरू झाल्यावर बसेल.

डावी बाही उत्तम.

उजव्या बाहीत काहीतरी गडबड. हात घातला की कोपर मागच्या बाजूला फुगतं आणि पुढे चुण्या पडतात. उसवून परत लावली. तेच. बाही फिरवून लावली, तर कापडाची आतली बाजू बाहेर आली. दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी ठेवल्या आणि बराच वेळ बघत बसलो. दोन्हीचा बाक एकाच बाजूला. मग फोन उघडला, सेल्फी कॅमेऱ्यात स्वतःला बघितलं, उजवा हात वर केला.

सेल्फी कॅमेरा आरशासारखा उलटं दाखवतो.

दोन्ही बाह्या डाव्या आहेत.

दोनशे चौदा लोकांपैकी एकही बोलला नाही. एकही!

कापड उरलेलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार

तोडगा निघाला. उजवा हात कमरेवर ठेवला तर बाही बरोबर दिसते. आरशासमोर पंधरा मिनिटं सराव केला. तीसला तसंच उभं राहायचं. रुबाबही दिसतो.

काजवालीच्या मात्र लक्षात आलंय. काका बाहेर गेल्यावर जवळ येऊन हळूच म्हणाली, दादा, मला त्या दिवशीच दिसलं होतं. काकांना आजच सांगा, कापड कुठून आणलं होतं ते त्यांना माहीत असेल. नऊ दिवस आहेत. मी थांबीन रोज तासभर, दोघं मिळून करू.

मी म्हणालो, ते डिझाइन आहे. सध्या असंच चालतं.

ती म्हणाली, बरं. आणि जाऊन काज करायला लागली.

त्यानंतर दिवसभर तिच्याकडे बघवेना.

२४ एप्रिल, गुरुवार

काकांनी विचारलं कुठवर आलंय. नव्वद टक्के, म्हणालो. काका म्हणाले, उरलेल्या दहामध्येच कोट असतो. जुन्या लोकांना टक्केवारी समजत नाही.

फॉलोअर्स अकरा हजार. सगळे ते हात बघून आलेले. अजून विचारतात.

३० एप्रिल, बुधवार. संध्याकाळी

थोडक्यात लिहितो.

आधी ती. गडद निळा कोट. काका तिच्याभोवती दोनदा फिरले. कॉलरमध्ये दोन बोटं घालून बघितली. अस्तराची कड उलटून बघितली आणि एक टाका दाखवला, हा ओढला गेलाय. ती म्हणाली, हो, रात्रीपासून तोच डोळ्यात खुपतोय. काका हसले. मी त्यांना इतकं मनापासून हसताना आई होती तेव्हापासून बघितलं नव्हतं. आई गेल्याला दोन वर्षं झाली.

मग मी. हात कमरेवर. काका समोर उभे राहिले.  म्हणाले, हात खाली घे.

घेतला.

कोपर मागे फुगलं, पुढे चुण्या पडल्या. 

मला वाटलं, ओरडतील. तयारी करून गेलो होतो, उत्तरं पाठ होती. डिझाइन वगैरे. पण काकांनी बाहीबद्दल काही विचारलंच नाही. माझ्या पाठीवरून हात फिरवला, तिथं कापड ताणलं होतं. विचारलं, माप कुणी घेतलं होतं तुझं? मी म्हणालो, मीच. ते म्हणाले, अरे, मी दहा फुटांवर बसलेला असतो दिवसभर. हाक का नाही मारलीस?

मी कोटाची बटणं काढायला लागलो.

टेबल बाईकडे गेलं.

१ मे, गुरुवार

काकांनी काही सांगायच्या आत मीच राजीनामा दिला. आमच्याकडे राजीनामा द्यायची पद्धत नाही, म्हणून पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून दिला. काकांनी तो दोनदा वाचला आणि घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, जेवत जा वेळेवर.

आता फुलटाइम क्रिएटर. मोकळा श्वास. उद्यापासून पहाटे पाच.

५ मे, सोमवार

चार दिवसांत एक व्हिडिओ. विषय : यशाची सात रहस्यं. पाचव्या रहस्यापाशी अडकलो.

खोलीत शूट करण्यासारखं काही नाही. पलंग, टेबल, कोट. कोट खुंटीवर आहे. उजवी बाही भिंतीकडे वळवून ठेवली आहे.

सकाळी नऊला सवयीनं बूट घातले. मग काढले.

८ मे, गुरुवार

‘सात दिवसांत कोट’, दिवस पहिला. विद्यार्थी तीन. कात्री कशी धरावी हे शिकवलं. फार छान चाललं होतं. मग एका वयस्कर बाईंनी विचारलं, सर, बाही डावी की उजवी हे नुसतं बघून कसं ओळखायचं?

नेटवर्क गेलं असं सांगून बंद केलं.

नंतर तिघांनाही लिहिलं की कोर्स काही तांत्रिक कारणामुळे रद्द आहे. बाईंचं उत्तर आलं, काही हरकत नाही सर, तब्येतीची काळजी घ्या. तब्येतीचं त्यांना कुणी सांगितलं?

फॉलोअर्स आठ हजार सातशे. रोज कुणीतरी लिहितं, ते हात कुठे गेले. आज मी उत्तर लिहिलं : दुकानात आहेत. आणि पुसून टाकलं.

तीन दिवसांत मोठ्यानं बोललेली वाक्यं मोजली. व्हिडिओतली आणि कोर्समधली सोडून. दोन. दोन्ही दूधवाल्याशी.

११ मे, रविवार

ताईचा फोन. जेवलास का म्हणाली. हो म्हणालो. मग काय चाललंय म्हणाली. आणि मला सांगायला काही सुचेना. एरवी मी थांबत नाही. ती म्हणाली, अरे, आहेस ना? म्हटलं, आहे. तू तुझं काम कर, फोन नको ठेवूस. तिनं ठेवला नाही. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, मध्येच ती भाच्याला ओरडत होती. मी ऐकत बसलो. लाइव्ह बघितल्यासारखा. काही न लिहिता.

मग सगळं सांगितलं. बाही, माप, कमरेवरचा हात. ती हसेल असं वाटलं होतं. हसलीच आधी. मग म्हणाली, शिकवतेस का म्हणून विचार त्या बाईला. वयानं लहान आहे म्हणून काय झालं? मी म्हणालो, बेचाळिसाव्या वर्षी? ती म्हणाली, त्रेचाळिसाव्या वर्षी विचारलंस तर आणखी अवघड जाईल.

१२ मे, सोमवार

दुकानासमोरच्या फुटपाथवर पंचवीस मिनिटं उभा होतो. हेतू : नव्या व्हिडिओसाठी बाहेरून लोकेशन बघणे.

काउंटर काढून टाकलंय. तिथं आता कपड्यांचा रॅक आहे. काका खिडकीशी खुर्चीत. बाई कटिंगच्या टेबलावर, कापडाला दुहेरी घडी घालत होत्या. मला वाटतं त्यांनी मला बघितलं. मी फोन कानाला लावला आणि निघालो. फोनवर कुणी नव्हतं.

१४ मे, बुधवार

सकाळी नऊला गेलो. दारात उभा राहिलो. काका म्हणाले, आलास का.

बाईंना विचारलं. वाक्य घरी सहा वेळा म्हणून गेलो होतो, तिथं निम्मंच आलं. त्या म्हणाल्या, काउंटर आता नाही दादा. मी म्हणालो, माहीत आहे, शिकायला आलोय. त्या म्हणाल्या, किती दिवसांत? मी गप्प बसलो. त्या म्हणाल्या, हां, मग बसा.

स्टूल दिलं. कापडाचा तुकडा, रीळ, सुई. पहिला धडा, सरळ टाक्यांची एक ओळ. नुसतं एवढंच? मनात आलं, तोंडावर येऊ दिलं नाही.

दोरा सुईत जाईना.

टोक कापलं. ओलं केलं. पिळलं. खिडकीशी गेलो. हात लांब केला तर सुईचं भोक दिसायचं, पण तिथवर दोरा नेमका नेता येईना. जवळ आणली की सगळंच धूसर. सुईच खराब असेल म्हणून दुसरी घेतली. दहा मिनिटं गेली. गिऱ्हाईक येऊन गेलं. 

बाईंनी विचारलं, दादा, वय किती? बेचाळीस, म्हणालो. त्या म्हणाल्या, मग लागला चष्मा. काका खिडकीशेजारून म्हणाले, मला चाळिशीतच लागला होता, पण तोवर बोटांना सगळं पाठ झालेलं होतं. त्यांनी टोमणा मारला नाही. नुसतं सांगितलं.

अकरा वर्षं माझे डोळे उत्तम होते. सगळी अकरा वर्षं ही सुई माझ्यापासून चार पावलांवर होती. हे कळल्यावर मला तिथंच रडू आलं. खोकल्यासारखं केलं. काकांनी खिडकीबाहेर बघितलं.

बाईंनी माझ्या हातातून सुई घेतली, एका झटक्यात ओवली. मग आणखी सहा ओवल्या आणि माझ्यासमोर कापडात ओळीनं टोचून ठेवल्या. म्हणाल्या, एवढ्या दुपारपर्यंत पुरतील.

एक ओळ घातली. काकांनी बघितली, म्हणाले, उसव. उसवली. दुसरी घातली. उसव. तिसरी त्यांनी बघितली आणि बाईंकडे दिली. त्यांनी बघितली आणि म्हणाल्या, उसवा.

साडेअकरालाच सुया संपल्या. मागायला कसंतरी वाटत होतं. पाच मिनिटं तसाच बसलो. मग हाक मारली.